निर्वासितांवरची कविता वाचायला/लिहायला घेतोयस तर

हे बघ, सुरुवातीलाच 'मातृभूमी', 'वेदना', 'अश्रू' असले शब्द बाजूला ठेव, त्यांनी कविता जड होते आणि माणूस दिसेनासा होतो. त्यापेक्षा कागद बघ. म्हणजे अर्ज, शिक्का, रांग, टेबलापलीकडचा अधिकारी. पॅलेस्टिनी कवी महमूद दरवीशचं गाव अल-बिरवा 1948 मध्ये उद्ध्वस्त झालं, घरचे लेबनॉनला पळाले, नंतर गुपचूप परत आले तर इस्रायलच्या सरकारदरबारी ते 'हजर पण गैरहजर', म्हणजे देशात आहेत पण कागदावर नाहीत, आता सांग, यापेक्षा जास्त काव्य कुठून आणणार! त्याची 1964 ची 'ओळखपत्र' ही कविता अख्खी एका अधिकाऱ्याला उद्देशून आहे, 'लिहून घे, मी अरब आहे' हे परत परत येतं, आणि चौकशीला दिलेलं उत्तर हळूहळू दरडावणी होत जातं. ही कविता मोठ्याने वाच, मनात वाचून कळत नाही.

इंग्रजी कवी ऑडेनची 1939 ची 'रेफ्युजी ब्लूज' पण बघ, ब्लूज गाण्याचा (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची दुःखाची गाणी) साचा घेतलाय, पासपोर्ट नाही म्हणून कागदावर मेलेली पण जिवंत माणसं, आणि सूर मात्र एकदम घरगुती. मला तर ही जास्त बोचते.

स्वतः लिहिणार असशील तर दुसऱ्याच्या विस्थापनावर लगेच 'मी' लावू नकोस प्लीज. बघणारा म्हणून लिही, तेवढं पुरतं. आणि शेवटी त्यांना घरी पोचवायची घाई नको, बऱ्याच जणांचं गावच नकाशावर उरलेलं नसतं. यमकाचं टेन्शन नंतर घे.