'गृह आघाडी' म्हणजे कुठला पक्ष?

रत्नागिरीच्या एक प्राध्यापिका विचारतात : एम.ए.ला दुसऱ्या महायुद्धातला 'होम फ्रंट', म्हणजे रणांगणापासून दूर घरी राहिलेल्या लोकांचं युद्धकाळातलं जगणं, शिकवते. मराठीत 'गृह आघाडी' लिहावं की 'अंतर्गत आघाडी'? एका विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत 'या आघाडीतील घटक पक्ष' असं लिहिलं आहे.

विद्यार्थ्याचं चुकलं कुठे? रोज टीव्हीवर आघाडी होते, फुटते, परत होते. त्यापुढे 'गृह' लावलंत की गृहखातं कुणाकडे हाच प्रश्न पडणार. 'अंतर्गत आघाडी' तर सरळसरळ गटबाजी.

मुळात आघाडी आणि पिछाडी हे घोड्याचे दोर. पुढच्या पायांची ती अगाडी किंवा आघाडी, मागच्यांची पिछाडी. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडून बघा. अलिबागला ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्याकडे घोडागाड्या जातात. तिथला एक गाडीवाला पोराला ओरडला, "पिछाडी आधी सोडू नको रे, मेल्या!" माझा दिवस सार्थकी लागला. म्हणजे पुढचं तोंड कितीही फुरफुरो, जनावर जागेवर राहतं ते मागच्या दोरामुळे.

पण 'अग्र'पासून 'अगाडी' झाली, तर आपल्या आघाडीत 'घ' कुठून आला? सगळे म्हणतात, उच्चाराची लकब. लकब म्हटलं की व्युत्पत्तीकार सुटला! माझं मत वेगळं आहे. कोकणच्या शिलाहार राजांच्या ताम्रपटांत दान दिलेल्या गावाच्या चतुःसीमा सांगताना 'आघाट', 'आघाटन' असे शब्द येतात. आघाट म्हणजे हद्द. फौज भिडते ती हद्दीवर. दोरवाली 'अगाडी' या हद्दीच्या 'आघाटा'ला येऊन मिळाली आणि 'घ' चिकटला, असं मी गेली वीस वर्षं म्हणतो आहे. आमचे एक निवृत्त गुरुजी हसतात आणि आघाडीचं नातं मंगळागौरीच्या पत्रीतल्या आघाड्याशी लावतात. गुरुजी, आघाडा हाही 'आघाट'च, पण ते वनस्पतीचं नाव. कपड्याला चिकटतो म्हणून त्याला सैन्यात भरती करता येत नाही.

तर बाई, तुमचा होम फ्रंट म्हणजे पिछाडी. 'पिछाडीवर पडणे' मुळे शब्दाला हिणकस वास लागलाय हे कबूल, तो क्रिकेटवाल्यांनी लावला. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ला इटलीत, टायबर नदीच्या खोऱ्यात पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ती आघाडी. १९४२त रंगून पडलं, ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला, १९४३त मुंबईत रेशन आलं आणि चाकरमान्याच्या मनीऑर्डरीकडे डोळे लावून बसलेल्या घरात पेजेत पाणी वाढलं, ती पिछाडी. (ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा रत्नागिरीतच वारला, १९१६ साली. तुमच्या पोरांना हा धागा नक्की आवडेल.)

काही विद्वान म्हणतील, घरालाही रणांगण मानायचं म्हणून तर इंग्रजाने 'फ्रंट' म्हटलं, पिछाडीत ते जातं. कुठे जातं? १४ एप्रिल १९४४ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत दारूगोळ्याचं जहाज फुटलं, तेव्हा मेले त्यांत गोदीत राबणारी साधी माणसं होती. साहेबाच्या पुढे आणि घोड्याच्या मागे उभं राहू नये म्हणतात. मागची लाथ कमी लागते असं विद्वानांना वाटत असेल, तर त्यांनी अलिबागला यावं.

पेपरच्या छापील नावात हवं तर 'होम फ्रंट' देवनागरीत राहू द्या, वर्गात पिछाडी म्हणा. आणि 'आघाट' असलेला एखादा ताम्रपट तुमच्या पाहण्यात आला, तर त्याचा फोटो आधी मला पाठवा, गुरुजींना नको.