सिस्टर, तो हात का हलला?

*ताई, मी सांगलीकडच्या एका रुग्णालयात आयसीयूत सिस्टर आहे. ब्रेन-डेड ठरलेल्या एका तरुणाला स्पंज देताना त्याचा हात हलला. नंतर समन्वयक मॅडम घरच्यांशी अवयवदानाचं बोलत होत्या, तिथे मला थांबायला सांगितलं, तर मी औषध आणायच्या निमित्ताने सटकले. आई म्हणते, डोळे दिले तर पुढच्या जन्मी आंधळेपण येतं. शिकूनही मला भीती वाटते. मी ढोंगी आहे का?*

ढोंगी कसली गं? रात्रभर ज्याचं अंग हाताला ऊबदार लागलं, त्याला 'गेला' म्हणायला जीभ रेटत नाहीच.

तुझी भीती आईच्या बोलण्यात कमी आणि त्या हातात जास्त आहे. मेंदू मेला तरी मज्जारज्जू काही काळ शाबूत असतो. स्पर्श झाला की तिथल्या तिथे हात-पाय हलू शकतात. हे तू पुस्तकात वाचलं असशील, पण रात्री अडीचला एकटीने पाहणं वेगळं. पुढच्या वेळी डॉक्टरांना सांगून ॲप्निया चाचणीला उभी राहा. व्हेंटिलेटर काढतात, नळीतून ऑक्सिजन चालू ठेवतात आणि आठ-दहा मिनिटं सगळे त्या छातीकडे बघत राहतात. रक्तात कार्बन डायऑक्साइड चढत जातो, तरी एक श्वास येत नाही. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार चार डॉक्टर, सहा तासांच्या अंतराने, असं दोनदा तपासतात. त्यांत प्रत्यारोपण करणारा कुणी नसतो.

अवयव मागणं समन्वयकांचं काम, तुझं नाही. पण नातेवाईक डॉक्टरांपुढे मान डोलावतात आणि व्हरांड्यात सिस्टरला गाठून विचारतात, "खरंच गेलाय का हो?" तिथे तू नजर चुकवलीस की संपलं. चाचणीत पाहिलंस तेवढंच सांग. दधीची ऋषींची गोष्ट मात्र सांगू नकोस. ती पोस्टरवर ठीक. दधीचींनी स्वतःच्या अस्थी दिल्या. समोरच्या बाईला पोटच्या पोराचं द्यायचं असतं.

आईशीही वाद नको. अग्नी दिल्यावर डोळे उरतात कुठे, हा प्रश्न बिनतोड आहे, पण बिनतोड प्रश्नांनी कुठल्या आईला पटलंय? नेत्रदानाने चेहरा विद्रूप होत नाही, अवयव काढल्यावर देह नीट शिवून देतात, अंघोळ-अग्नी सगळं रीतीप्रमाणे होतं, एवढं तिच्या कानावर घाल.

तुझ्या स्वतःच्या नमुना ७ ची, म्हणजे अवयवदानाच्या संकल्पाच्या अर्जाची, घाई नको. तो भरलास तरी वेळ आल्यावर घरच्यांनाच विचारतात, म्हणजे तिलाच. तेव्हा आधी तिच्याशी बोल, सुट्टीच्या दिवशी, भाजी निवडता निवडता.

— ताई