कापडी छताच्या जिप्सीत पाणी येते

प्रश्न : कापडी छताची जुनी मारुती जिप्सी मी स्वस्तात घेतली. पाऊस झाला की पायाशी पाणी साचते आणि सकाळी स्टार्टर मंद फिरतो. घरच्या घरी काय तपासावे?
– एक वाचक, पाथर्डी फाटा, नाशिक

उत्तर : छत बदलण्याची घाई कृपया करू नका. एकाला टॉर्च घेऊन आत बसवा आणि बाहेरून पाइपची मंद धार आधी दारांच्या खालच्या कडेवर, मग काचेच्या रबरावर आणि शेवटी छताच्या शिवणीवर, असे खालून वर सोडत जा. वरून सुरुवात केल्यास पाणी सगळीकडे ओघळते आणि गळती नेमकी कुठे आहे ते कळत नाही. दारांच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी बारीक छिद्रे असतात. ती मातीने बुजली असतील, तर तारेने हलकेच मोकळी करा. शिवण झिरपत असेल, तर कापड पूर्ण वाळवून शिवणीचे सीलंट लावा. ओले छत कधीही घडी करून ठेवू नये, कारण बुरशी धाग्यालाच खाते. मॅट उचलून पत्रा अवश्य पाहा; इगतपुरीकडच्या पावसात फिरणाऱ्या गाडीचा गंज तिथेच लपतो, आणि माझ्या मते गळतीपेक्षा तोच अधिक घातक आहे.

आता मंद स्टार्टरबद्दल : बॅटरी रात्रभर उभ्या गाडीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवत असेल, तर तिला लगेच दोष देऊ नका. आधी बॅटरीचे ऋण टोक सोडवून अर्थिंगची पट्टी (ऋण टोकापासून गाडीच्या पत्र्याला जाणारी जोडणी) जिथे पत्र्याला जोडलेली असते, तिथला गंज पॉलिश पेपरने घासून काढा.