ज्याला ‘नको’ म्हणता येत नाही, त्याची बालवाडी

प्रश्न : आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. सासरे रेल्वेत होते, बदलीनं अजनीला आले आणि इथेच राहिले. आमचा मुलगा येत्या पावसाळ्यात चार वर्षांचा होईल. अजून बोलत नाही. पाणी हवं असलं की माझा हात धरून माठापाशी नेतो. डॉक्टरांनी ऑटिझम सांगितला आहे आणि त्याला विशेष बालवाडीत घाला म्हणाले.

दोन जागा पाहिल्या. एक मोठी आहे. एसी वर्ग, झोके, बॉल पूल, सगळ्या थेरपी एकाच छताखाली. तिथल्या मॅडमनी सांगितलं, ‘घरी फक्त इंग्रजी बोला, आजीचं ते हिब्रू-बिब्रू बंद करा, मूल गोंधळतं.’ सासूबाई रोज झोपताना त्याच्या डोक्यावर हात ठेवून शेमा, म्हणजे आमची हिब्रू प्रार्थना, म्हणतात. त्या दिवसापासून त्यांनी ते बंद केलं आणि मनातल्या मनात झुरत आहेत. दुसरी जागा प्रतापनगरकडे एका जुन्या बंगल्यात आहे. मुलं थोडी, बाई पन्नाशीच्या, सामान साधंच. पण त्यांची स्पीच थेरपी शनिवारी असते आणि शनिवारी आमचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस. तो शुक्रवारी सूर्य मावळताना दिवे लावून सुरू होतो.

आमच्यात मूर्तिपूजा नाही, खाण्याचे नियम आहेत. हे म्हणतात, ‘धर्माचं काही बोलू नकोस, आधीच मूल असं, प्रवेश नाकारतील.’ ओळखीच्या एकांनी तर फॉर्मवर ख्रिश्चन लिहायला सुचवलं. अश्दोदला असलेली नणंद म्हणते, सगळं सोडून इस्रायलला या. नागपुरात ज्यू बालवाडी नाही. मी कुठली निवडू?
— एक आई, नागपूर

उत्तर : ताई, यजमानांची भीती मला समजते. तरी आधी तेच सांगते, काही लपवू नका. फॉर्मवर ज्यू लिहा. महाराष्ट्र सरकारनं 2016 मध्ये ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला आहे. तुम्ही कुणाकडे मेहेरबानी मागत नाही आहात.

पण माझं कारण कायद्याचं नाही, विशेष बालवाडीत काम कसं चालतं त्याचं आहे. साध्या बालवाडीतला चार वर्षांचा मुलगा पुढे आलेला खाऊ मागे सारतो, ‘आई ओरडेल’ म्हणतो. तुमचा मुलगा हे सांगू शकत नाही. शिवाय विशेष वर्गात मोठ्यांचे हात सारखे मुलांच्या अंगाला लागलेले असतात. मणी ओवायचे तर बाई मागून हात धरून ओववतात, टाळी वाजवायची तर मनगट धरून वाजववतात. शिकवायची ती पद्धतच आहे आणि नीट वापरली तर उपयोगी आहे. मात्र त्याच पद्धतीनं रोज सकाळी सरस्वतीच्या फोटोपुढे त्याचे हात जोडले जातील. त्यात कुणाचा वाईट हेतू नसेल. बाईंना वाटेल, आज यानं प्रार्थना छान केली. आणि तुम्हाला ते गॅदरिंगच्या फोटोतून कळेल.

खाण्याचंही तसंच. या वर्गांत कामाचं बक्षीस म्हणून मुलाच्या तोंडात काही ना काही सारखं घातलं जातं. कधी चिप्स, कधी चॉकलेटची गोळी, कधी बिस्किटाचा तुकडा, कधी रंगीत जेली. तुम्ही डब्यात शाकाहारीच दिलंत तरी त्या जेलीत जिलेटिन असू शकतं आणि ते जनावराच्या हाडा-कातड्यापासून काढलेलं असतं. बरणीत काढून ठेवलेल्या जेलीवर पाकिटावरची खूण कुठे दिसणार? म्हणून बक्षिसाचा डबा घरूनच द्या. मनुका, खारे काजू, त्याला आवडणारं जे असेल ते. वर त्याचं नाव लिहा आणि सांगा, या डब्याबाहेरचं काही त्याच्या तोंडात जाणार नाही. दुधाची किंवा शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांचे आईवडील हेच करतात. बाईंना यात नवीन काही नाही.

आता शाळा पारखायची कशी ते सांगते. तुमच्या धर्माच्या गोष्टी ऐकून घेताना शाळा कशी वागते, तीच तुमची सर्वांत चांगली चाचणी आहे, असं माझं ठाम मत आहे. ‘त्याचे हात धरून जोडू नका, तो नुसता बसून गाणं ऐकेल’ हे वाक्य बाईंना सांगा आणि त्या काय करतात ते बघा. वहीत लिहून घेतात का? ‘मग नमस्ते करायला शिकवलं तर चालेल का? ते माणसाला असतं’ असा उलटा प्रश्न विचारतात का? असा प्रश्न आला तर समजा, बाई विचार करतात. नुसतं ‘हो हो, काही काळजी करू नका’ म्हणाल्या तर सावध व्हा. जी शाळा एवढी एक साधी, नेमकी सूचना पाळू शकत नाही, ती ‘मिक्सरच्या आवाजानं तो घाबरतो, आधी सांगून लावा’ ही सूचनाही पाळणार नाही.

भेटीला डब्याच्या वेळेस जा. बॉल पूल दाखवतील तेव्हा नको, डब्याच्या वेळेस. एका वर्गात मी पाहिलेलं सांगते. एक मुलगा बाईंच्या पदराला धरून त्यांना फळीकडे ओढत होता. वर त्याचा पेला होता. बाईंनी पेला काढून हातात घेतला, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसल्या आणि थांबल्या. बोलल्या नाहीत, ‘पाणी म्हण, पाणी म्हण’ असा धोशा लावला नाही. मुलानं पेल्याकडे पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं आणि गळ्यातलं पाण्याचं चित्र चाचपून पुढे केलं. लगेच पाणी मिळालं आणि पाणी देतानाच बाई ‘पाणी’ म्हणाल्या. मागच्या बाकावर दुसरा एक जण पोळी ढकलत होता. मदतनीस मावशींनी ती गुमान बाजूला ठेवली आणि त्याच्या हातात ‘नको’चं कार्ड देऊन ते वर उचलायला लावलं. मला त्या मावशींचं जास्त कौतुक वाटलं. ‘नको’ शिकवणारी शाळा शोधा, ताई. नकार कळवता येणं हे बोलण्याइतकंच मोठं शिक्षण आहे. तुमच्या मुलाला तर ते ऑटिझममुळेही हवं आणि धर्मामुळेही. आणि चित्रांची कार्डं दिली की मूल बोलायचं थांबतं, असं कुणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका. उलट बऱ्याच मुलांना त्यातून बोलण्याची वाट मिळते.

त्याखेरीज बाईंचा आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा. विशेष शिक्षकाची नोंदणी तिथे असावीच लागते. मुलाची वैयक्तिक शिक्षण योजना लेखी करतात का आणि तिच्यावर तुमची सही घेतात का, ते विचारा. माझ्या मते या वयात चार-पाच मुलांमागे एक शिक्षिका आणि सोबत एक मावशी हवी. फाटकाची कडी मुलाच्या हाताला पोचते का ते स्वतः बघा, कारण ही मुलं क्षणात बाहेर पडतात. संडासला कोण नेतं, दार कसं ठेवतात, हे विचारायला लाजू नका. आणि कुठेही ऑटिझम ‘बरा करून देतो’ म्हणाले किंवा स्टेम सेलचं पॅकेज पुढे केलं, तर तिथून निघा. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या नीती मंडळानं 2022 मध्येच सांगितलं आहे की ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचाराची शिफारस नाही.

हिब्रूबद्दल. सासूबाईंना आज रात्रीपासून शेमा पुन्हा म्हणायला सांगा. दोन किंवा तीन भाषा कानावर पडल्यानं ऑटिझम असलेल्या मुलाचं बोलणं आणखी मागे पडतं, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. नुकसान होतं ते घरातली माणसं मुलाशी बोलायची थांबतात तेव्हा. ज्या आजीला इंग्रजी नीट येत नाही, ती ‘फक्त इंग्रजी’चा हुकूम झाल्यावर गप्पच बसणार. त्यात रोज त्याच वेळी, त्याच हातानं, त्याच चालीत येणारे शब्द अशा मुलाला किती आधार देतात! दिवस संपला हे त्याला त्यातूनच कळत असेल. एखाद्या दिवशी शेवटचा शब्द त्याच्यासाठी सोडून बघा. आजींनी थांबायचं आणि वाट पाहायची. तो गुणगुणला तरी पुष्कळ. शाळेत मात्र सध्या सूचना एकाच भाषेत असू द्या आणि ती मराठीच असावी, कारण घरी मराठी आहे.

शनिवारचं मला अवघड वाटत नाही. स्पीच थेरपिस्ट त्या बंगल्यात शनिवारीच येतात, की आठवड्यात आणखी एखाद्या दिवशी येतात, ते विचारा. बहुतेक थेरपिस्ट दोन-तीन ठिकाणी फिरत असतात, बुधवारी सदरला किंवा मानेवाड्याला असतील तर तिथे नेता येईल. शनिवारी आईवडिलांची सभा ठेवतात का, हेही विचारून ठेवा, ते नेहमी विसरतं. आणि शुक्रवारी उशिराची वेळ घेऊ नका. डिसेंबरात नागपुरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. तुम्ही दिवे लावायच्या घाईत आणि मूल धंतोलीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेलं, असं होईल. शाळेच्या चित्रांच्या वेळापत्रकात शुक्रवारच्या शेवटी दोन मेणबत्त्यांचं चित्र लावायला सांगा, त्याच मेणबत्त्यांचा फोटो घरीही लावा. पुढचा दिवस वेगळा आहे हे त्याला आदल्या दिवशीच दिसलेलं बरं.

सणांच्या तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच लिहून द्या. पेसाह या तुमच्या सणाकडे विशेष लक्ष द्या. तो मार्च-एप्रिलमध्ये येतो, तेव्हा शाळा चालू असते आणि आठ दिवस बिस्किट, पाव बंद. वर्षभर बिस्किटासाठी काम करणाऱ्या मुलाला एका सकाळी ते मिळालं नाही, तर तो रडून आकांत करेल आणि कुणाला कारण कळणार नाही. म्हणून आधीचे दोन आठवडे बक्षीस हळूहळू खजुरावर, मनुकांवर आणा. उलट तान्हा पोळ्याला लाकडी बैल ओढायला त्याला आवडेल का, हे तुम्ही ठरवा, शाळेनं नाही. तुमची हरकत नसेल तरी ढोल वाजत असताना त्याला आतल्या खोलीत बसायची मुभा असायला हवी.

एवढं सगळं सांगून माझा कल उघड आहे. तुमच्या पत्रावरून मी बंगल्याकडे झुकते. एसी आणि बॉल पूल वाईट नाहीत, आपल्या मे महिन्यात तर एसी चैन नाहीच. पण जिथे पहिल्याच भेटीत मुलाच्या आजीला गप्प केलं गेलं, तिथे मुलाचं ऐकून घेतलं जाईल असं मला वाटत नाही. बंगल्यातल्या बाईंनी वरच्या सूचना वहीत लिहून घेतल्या तर तिथे घाला. सहा महिन्यांनी तो स्थिरावला की आठवड्यातून दोन सकाळी घराजवळच्या साध्या बालवाडीतही बसवून बघा. बरोबरीच्या मुलांना खेळताना पाहणं थेरपीच्या खोलीत मिळत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांतून दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, आताच काढा. नॅशनल ट्रस्टच्या निरामय विम्यात ऑटिझम येतो आणि वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा खर्च मिळू शकतो, थेरपीही त्यात धरतात. दिव्यांग हक्क कायदा 2016 नुसार 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे, पण तो 6 ते 18 वयासाठी. म्हणजे बालवाडीची फी तुम्हालाच भरावी लागेल. नागपुरात केंद्र सरकारचं दिव्यांगांसाठीचं संयुक्त प्रादेशिक केंद्र, सीआरसी, आहे. थेरपीच्या खर्चाची ओढाताण होत असेल तर तिथे आधी चौकशी करा.

नणंदबाईंचं म्हणणं खोटं नाही. इस्रायलमध्ये विशेष शिक्षणाचा कायदा 1988 चा आहे आणि तो वयाच्या तिसऱ्या वर्षापासून लागू होतो, ऑटिझम असलेल्या मुलांसाठी वेगळ्या सरकारी बालवाड्याही आहेत. पण देश बदलणं हा पूर्ण कुटुंबाचा निर्णय आहे. भाषा, नोकरी, सासूबाईंचं वय, सगळं त्यात येतं. तो शांतपणे घ्या. तो होईपर्यंत मुलाला घरी बसवून ठेवू नका. इथे शिकलेलं कार्ड आणि इथे शिकलेला ‘नको’ अश्दोदलाही चालेल.

एक राहिलंच. तुमच्या पत्रात कानाच्या तपासणीचा उल्लेख नाही. न बोलणाऱ्या प्रत्येक मुलाची बेरा ही ऐकण्याची चाचणी व्हायलाच हवी, निदान काहीही असो. मूल झोपलेलं असताना करतात, त्रास होत नाही. झालेली नसेल तर कुठल्याही शाळेची फी भरण्याआधी ती करून घ्या आणि अहवालाची एक प्रत बाईंकडे द्या.