टॅब बंद करायला जीव होत नाही?
ब्राउझरमध्ये शंभर टॅब उघडे आहेत म्हणून लाजू नकोस, माझे एकदा तीनशेच्या वर गेले होते. आधी कंट्रोल-शिफ्ट-टी हाताला बसव (मॅकवर कंट्रोलऐवजी कमांड). चुकून बंद केलेला टॅब परत येतो. पुन्हा दाबलंस की त्याच्या आधीचा. क्रोमच्या इन्कॉग्निटोत (हिस्टरी न ठेवणाऱ्या खासगी विंडोत) मात्र ही सोय नाही, गेला तो गेला.

टॅब इतके बारीक झालेत की नुसते आयकॉन दिसतात? क्रोममध्ये कंट्रोल-शिफ्ट-ए दाबून नावाने शोध. फायरफॉक्समध्ये अ‍ॅड्रेस बारात टक्क्याचं चिन्ह, स्पेस, मग शब्द. नाहीतर आपण तेच पान पुन्हा उघडतो. मला विकिपीडियाचा एकच लेख पाच ठिकाणी उघडा सापडलाय!

मशीन रडत असेल तर क्रोमचा मेमरी सेव्हर चालू कर. पडून असलेले टॅब झोपतात, क्लिक केलं की पान पुन्हा लोड होतं. तरी अर्धवट भरलेला फॉर्म तसाच सोडून उठू नकोस, मी एकदा अख्खा अर्ज दुसऱ्यांदा टाइप केलाय.

राहिले ‘नंतर वाचू’वाले. कंट्रोल-शिफ्ट-डी दाबलं की विंडोतले सगळे टॅब एका बुकमार्क फोल्डरमध्ये जातात. फोल्डरला तारीख दे आणि विंडो बिनधास्त बंद कर. माझे असे चाळीसेक फोल्डर आहेत. उघडलेत जेमतेम तीन.