वाड्यावरच्या मुलांना बातमी लिहायला शिकवून काही उपयोग होतो का?

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका वाड्यावर तुम्ही संध्याकाळचा वर्ग चालवता. मुलं आठवी ते दहावीची, मजुरांच्या आणि मुंडकारांच्या, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांच्या, घरची. त्यांना बातमी लिहायला शिकवावं, की तो वेळ इंग्रजी-गणिताला द्यावा, असा तुमचा प्रश्न आहे. मी डिचोलीहून बरीच वर्षं एका मराठी दैनिकाला बातम्या पाठवल्या, आता रविवारी अशाच मुलांना घेऊन बसतो. जरूर शिकवा. फक्त पत्रकार व्हायचं स्वप्न दाखवू नका. गावच्या वार्ताहराला जे मिळतं त्यात पेट्रोलही सुटत नाही.

उपयोग कुठे होतो, ते आमच्या खाणपट्ट्यात पाहिलंय. २०१२ साली खाणी थांबल्या आणि ट्रक दारात उभे राहिले. पुढे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणींच्या ८८ लीजचं (भाडेपट्ट्यांचं) नूतनीकरण रद्द केलं, पुन्हा तेच. दोन्ही वेळा अग्रलेख आले, मोर्चे निघाले, खाणमालक बोलले, पर्यावरणवाले बोलले. पण एका भावाच्या ट्रकचे हप्ते थकलेत आणि दुसऱ्याच्या शेतात खाणीचा गाळ उतरलाय, अशी घरंही इथे होती. त्या घरातून लिहिणारं कोणी पुढे आलं नाही, कारण आपल्या घरचं कागदावर मांडता येतं हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

सुरुवातीला अडचण येते ती निबंधाच्या सवयीची. एका मुलीने मला पहिल्यांदा लिहून आणलं: ‘आमच्या गावात बसची फार गैरसोय आहे. तरी शासनाने त्वरित लक्ष द्यावे.’ म्हटलं, कुठली बस? कोणाची गैरसोय? तिला सांगता येईना. मग ती सकाळी वही घेऊन थांब्यावर बसली. दुसऱ्या खेपेला आलं ते असं: ‘सोमवारी सातची बस आली नाही. थांब्यावर नऊ माणसं होती. दोघी बाजारात भाजी विकायला निघाल्या होत्या, त्या पाटी घेऊन परत गेल्या.’ शुद्धलेखनाच्या चुका होत्या, त्या मी त्या दिवशी काढल्या नाहीत. मुलांना विचारायला लावा, मोजायला लावा; व्याकरण मागाहून येतं. माणसं कोंकणीत बोलली तर त्यांची वाक्यं कोंकणीतच ठेवा, बाकी मजकूर मराठीत. मुलं घरी-शाळेत असंच जगतात.

लिहिलेलं लोकांनी वाचलं पाहिजे. दुकानाच्या भिंतीवर पुठ्ठ्याचं भित्तिपत्रक लावा. शिक्षकाच्या लाल शेऱ्यापेक्षा ‘गो, ती मंगळवारची गजाल, सोमवारची न्हय’ असं दुकानात कोणी सुनावलं की मूल जन्मात तारीख चुकत नाही.

आता जपायची गोष्ट, आणि इथे उत्साहाच्या भरात घाई होते. मुंडकाराचं घर भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीवर असतं. त्याला १९७५ च्या मुंडकार कायद्याचं संरक्षण आहे, पण मामलेदाराकडच्या फेऱ्या आणि रोजची बोलणी घरच्यांनाच खावी लागतात. चौदा वर्षांच्या पोराच्या नावाने भाटकाराविरुद्ध किंवा पंचाविरुद्ध काही लावलंत तर तुम्ही मोकळे, तो अडकला. असा मजकूर गटाच्या नावाने द्या, आईवडिलांना आधी वाचून दाखवा, ते नको म्हणाले तर वहीत राहू द्या. ज्याच्यावर आरोप आहे त्याला त्याची बाजू विचारल्याशिवाय काहीच लावू नका. आणि मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची बातमी असेल तर पीडित मुलाचं नाव, फोटो, शाळा, घर यातलं काहीही उघड करणं पोक्सो कायद्याने गुन्हा आहे. मी तर असे विषय या वयात देतच नाही.

माहितीचा अर्ज मात्र नक्की शिकवा. गोव्याने माहिती हक्काचा स्वतःचा कायदा १९९७ मध्येच केला होता, देशाचा २००५ मध्ये आला. दहा रुपये शुल्क, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही, आणि उत्तराला तीस दिवसांची मुदत. अर्ज घरातल्या मोठ्या माणसाच्या नावे करा. ‘रस्ता का झाला नाही’ असं विचारलं तर उत्तर टोलवलं जातं. ‘या रस्त्याच्या कामाच्या आदेशाची प्रत द्या’ म्हटलं की कागद शोधावा लागतो. हा फरक ज्या मुलाला कळला तो पुढे घरचा जातीचा दाखला, पाण्याची जोडणी, सगळ्याचे अर्ज स्वतः लिहितो. मला विचाराल तर वर्गाची खरी कमाई हीच, आणि इंग्रजी-गणिताइतकीच ती पोटापाण्याची आहे.

असं काम टिकतं का, अशी शंका असेल तर ‘खबर लहरिया’ पाहा. २००२ मध्ये उत्तर प्रदेशातल्या चित्रकूटला गावातल्या, बहुतेक दलित बायकांनी बुंदेलीत सुरू केलेलं ते वर्तमानपत्र आज मोबाईलवर चालतं. व्हिडिओचं म्हणाल तर ‘व्हिडिओ व्हॉलंटिअर्स’ ही संस्था आपल्या गोव्यातूनच गावोगावच्या लोकांना बातमीदारी शिकवत आली आहे. पण फोन लगेच हातात देऊ नका. आधी वही, नाहीतर सगळे स्वतःचाच चेहरा टिपत बसतात.

चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आसपास सुरू करू नका, पोरं माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या, सामानाला आणि आरत्यांना गेलेली असतात. मे महिन्याची सुट्टी बरी. विहिरींनी तळ गाठलेला असतो, काजूच्या दरावरून दुकानात वाद चाललेले असतात, बातम्या शोधायला लांब जावं लागत नाही.