डिस्क ब्रेक वाजतोय? आधी पॅड बघ

मित्रा, बाईकचा पुढचा ब्रेक दाबल्यावर चिरका आवाज येतो म्हणतोस, तर आधी टॉर्च घेऊन कॅलिपरमध्ये, म्हणजे डिस्कला चिमटीत धरणाऱ्या भागात डोकाव. बहुतेक पॅडच्या मसाल्यावर, म्हणजे डिस्कवर घासणाऱ्या थरावर खाच असते. ती झिजून दिसेनाशी झाली, की पॅड संपले. खाच शाबूत असेल तर कदाचित पावसाळ्यातला चिखल अडकलाय. पॅड काढून काचपेपरवर हलके घास, डिस्क साबणाच्या पाण्याने धू. मात्र लोखंड घासल्यासारखं खर्रखर्र वाजत असेल तर गाडी चालवूच नकोस. मी 'पुढच्या आठवड्यात बघू' म्हणत ताम्हिणी घाट उतरलो होतो. डिस्कवर नख अडकेल अशा चऱ्या पडल्या आणि पॅडसोबत अख्खी डिस्क बदलावी लागली.

दोन्ही पॅड एकदमच बदल. पॅडला दाबणारा कॅलिपरमधला पिस्टन पुसूनच मागे ढकल, आणि ढकलताना हँडलवरच्या ब्रेक ऑइलच्या डबीकडे लक्ष ठेव. ब्रेक ऑइल वर चढतं, टाकीवर सांडलं तर रंग खातं. ऑइल घालायचंच असेल तर झाकणावर डॉट 3 की डॉट 4, म्हणजे कुठल्या प्रकारचं ऑइल लिहिलंय ते वाच. पॅडला तेलकट बोट लागता कामा नये.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गाडी हलवण्याआधी लिव्हर कडक लागेपर्यंत दाबत राहा. पिस्टन मागे ढकललेला असल्याने पहिल्या दाबाला तो थेट मुठीला टेकतो. हे विसरलास तर पहिल्याच वळणावर ब्रेक लागणार नाही! सुरुवातीचे 200 किलोमीटर करकचून ब्रेक मारू नकोस, पॅड बसू देत.

मागे ड्रम ब्रेक असेल तर लायनर, म्हणजे ड्रमच्या आतून घासणारे पॅड बदलताना आतली धूळ फुंकू नकोस, ओल्या फडक्याने पूस. ती छातीत जाते.